थांबलेला ठिपका, चालता ठिपका: नेरुळच्या सोसायटीतल्या वाफ्याच्या नोंदी

१४ जून २०२५

आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि दुचाक्यांची पत्र्याची शेड यांच्यामध्ये मातीची एक अरुंद पट्टी आहे. गेल्या वर्षी तिथलं अळू श्रावण लागायच्या आत करपून गेलं. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "औषध मारा." कोणतं, कशावर, कधी, हे कुणी सांगेना. म्हणून यंदा पहिल्यापासून लिहून ठेवते आहे. नवी मुंबईत जमिनीवर, गच्चीत, खिडकीत भाजी लावणाऱ्या कुणाच्याही हे उपयोगी पडावं.

यंदा मुंबईत पाऊस २६ मे रोजीच आला, त्यामुळे लावणीही लवकर झाली. एका टोकाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेणच्या माहेराहून आणलेलं काळ्या देठाचं वडीचं अळू. दुसऱ्या टोकाला वाशीच्या बाजारातून आणलेल्या अळकुड्यांचं, हिरव्या देठाचं भाजीचं. मध्ये हळद. भिंतीलगत जुनी सुपारी आणि तिच्यावर मिरवेल. सोसायटीच्या बाग-खात्यातून ५,००० रुपये मिळाले आहेत.

मिरचीची रोपं ट्रेमध्ये उगवली आणि मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. याला रोपं कोलमडणं म्हणतात, बहुतेकदा पिथियम नावाच्या जीवामुळे होतं. ट्रेच्या तळाला पाणी साचत होतं. भोकं मोठी केली, मातीत निम्मं कोकोपीट आणि ट्रायकोडर्माची पावडर (१२० रुपये) मिसळली, बी पुन्हा टाकलं. दुसरी खेप उभी आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशीच. ती रोगाच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्यावर जगते. पाणी साचलेलं असेल तर मात्र तिचाही फार उपयोग होत नाही.

२९ जून

हिरव्या अळूवर पहिले ठिपके. पानावर पाणी झिरपल्यासारखा गडद, नाण्याएवढा डाग, मध्ये तपकिरी, कडेला पिवळसर. पान उलटं करून पाहिलं तर डागाच्या कडेला मधाच्या रंगाचे बारीक थेंब. सकाळी ते चिकट असतात, दुपारी कडक होऊन खड्यासारखे बोटाला लागतात. अळूच्या करप्याची यापेक्षा पक्की खूण नाही. हे थेंब दिसले की दुसरा रोग शोधत बसायचं कारण नाही.

माळीदादांनी डागाळलेली पानं काढून कंपोस्टच्या कढईत टाकली होती. कढई वाफ्याच्या डोक्याशीच आहे. पानं परत काढून, पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली.

३ जुलै

दुकानदारानं "बुरशीनाशक" म्हणून कार्बेन्डाझिमचं पाकीट दिलं, १८० रुपये. माळीदादांनी पाण्यात मिसळून फवारलं. मारल्यापासून पानं कुणी खायची नाहीत असं ठरवून वाफ्याला दोरी बांधली.

१० जुलै

डाग आधीइतक्याच वेगानं पसरले. पाकीट वाया गेलं, आणि ऐन पावसातली पंधरवड्याची भाजी गेली, कारण फवारलेली पानं काढून टाकावी लागली.

कारण समजून घेतल्यावर लक्षात आलं की हे होणारच होतं. अळूचा करपा आणणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा कोलोकेसी. रासिबोर्स्की यांनी १९०० मध्ये जावा बेटावर त्याचं पहिलं वर्णन केलं आणि १९१३ मध्ये बटलर आणि कुलकर्णी यांनी भारतातल्या अळूवरच्या करप्यावर सविस्तर लिहिलं. त्याला सगळे बुरशी म्हणतात, तो तंतूंनी वाढतोही बुरशीसारखाच, पण त्याचं कूळ वेगळं आहे. खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. १८४५ साली आयर्लंडचा बटाटा खाऊन टाकणारा जीव याच्याच जातकुळीतला. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीची पेशी विभागू देत नाही. या कुळावर ते चालत नाही. त्यामुळे औषध घेताना "बुरशी आहे" एवढं सांगून भागत नाही. रोगाचं नाव सांगावं लागतं.

या कुळावर चालणारी मेटालॅक्झिलसारखी औषधं मिळतात. पण ज्याचं पानच खायचं त्यावर, आणि तेही आठवड्याला पानं खुडत असताना, आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून झाडभर फिरणारं, औषध मारायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. मीही नव्हते. तेव्हा औषधाशिवाय काय होतं ते पाहायचं ठरलं.

१२ जुलै

आजपासून डाग मोजायला सुरुवात. पद्धत साधी: डागाच्या बाहेरच्या कडेला मार्करनं रेघ मारायची, शेजारी तारीख. संध्याकाळी पाहायचं, सकाळी पाहायचं. रेघ ओलांडली असेल तर नवी रेघ.

जेल पेन अळूच्या पानावर धरतच नाही, पानाला मेणाचा थर असतो. सीडीवर लिहायचा मार्कर (४० रुपये) चालतो, पान कोरडं असताना. प्रत्येक पानानंतर टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, नाहीतर आपणच रोग एका पानावरून दुसऱ्यावर नेऊ. भाजीत जाणाऱ्या पानांवर मार्कर लावू नये. मोजायची पानं वेगळी ठरवून त्यांच्या देठाला लाल दोरा बांधला.

१६ जुलै

या नोंदीसाठी तरी एवढी खटपट केल्याचं समाधान आहे. हिरव्या अळूवरचे डाग जवळजवळ सगळे रात्री वाढतात. संध्याकाळी मारलेली रेघ सकाळी डागाच्या आत गेलेली असते आणि बाहेर ओलसर, गडद, बोटाच्या नखापेक्षा बारीक असा नवा पट्टा. दिवसभरात हा पट्टा वाळतो आणि जागच्या जागी राहतो. दुसऱ्या रात्री पुढचा पट्टा. डागात जी एकात एक वर्तुळं दिसतात ती या रात्री आहेत.

पहाटे, पाऊस नसताना पाहिलं तर त्या कडेला पांढरट पिठूळ रेघ दिसते. ही रोगाची बीजं. सरी आल्या की धुऊन जातात, म्हणून उशिरा उठणाऱ्याला ती कधी दिसत नाहीत. गार पाण्यात या बीजातून शेपट्यांचे बारीक पोहणारे जीव बाहेर पडतात, पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत जाऊन स्थिरावतात, अंकुर काढतात आणि पर्णरंध्रातून किंवा थेट त्वचा भेदून आत शिरतात. पान कोरडं असेल तर पोहायला जागा नाही. तेव्हा प्रश्न औषधाचा उरला नाही. पान रोज किती तास ओलं राहतं याचा झाला.

आता काळ्या देठाचं अळू. डाग त्याच्यावरही पडले, तोच पाऊस, तीच माती. पण बरेच डाग मसुरीएवढे होऊन थांबले. रेघ मारून ठेवली ती तशीच. त्यांची कडा कोरडी, गडद, रेखीव. थेंब नाहीत, ओला पट्टा नाही. काही डाग चाललेही, पण हिरव्यापेक्षा सावकाश.

काकू म्हणाल्या, "ताई, ही पण पानं काढून टाकायची ना?" काढली नाहीत. कारण थांबलेला डाग हा रोगाचा विजय नव्हे, झाडानं मारलेली मजल आहे. रोग पेशीला भिडला की झाड त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतं. शिरकाव होत असेल तिथे आतून कॅलोज नावाच्या चिवट द्रव्याचा लेप चढवतं, भिंती लिग्निननं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्यानं, कडक करतं. आणि जिथे झाडाकडे नेमकी ओळख असते तिथे त्या भोवतालच्या पेशी स्वतःहून, झटकन मरतात. सुरुवातीला या रोगाला जिवंत पेशीतूनच अन्न हवं असतं. भोवती मेलेल्या पेशींचं कडं पडलं की त्याची उपासमार होते. स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करताना या झटपट मरणाला अतिसंवेदनशीलता म्हटलं, आणि पुढे फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं की झाडाचा एक जनुक रोगाच्या एका जनुकाशी जोडीनं बांधलेला असतो. आमच्या वाफ्यात हे सगळं मसुरीएवढ्या एका कोरड्या ठिपक्यात उमटलेलं आहे.

म्हणून यापुढे नियम: ठिपका दिसला म्हणून पान काढायचं नाही. रेघ मारायची, एक रात्र जाऊ द्यायची. रेघ ओलांडली तर पान जाईल, नाहीतर राहील.

२० जुलै

सगळ्यात वाईट पानं एका सरळ ओळीत आहेत हे आज ध्यानात आलं. वर पाहिलं तर बरोबर शेडच्या पत्र्याची कड. पागोळ्या थेट अळूवर पडत होत्या. पाऊस थांबल्यावरही पत्रा बराच वेळ ठिबकत राहतो, म्हणजे पान वाळायला लागलं की पुन्हा ओलं, शिवाय थेंब आपटून एका पानाची बीजं शेजारच्यावर.

पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करून घेतली. पाइप, क्लॅम्प आणि मजुरी १,४५०. पहिल्या वेळी उतार उलटा बसला, पाणी जोडावरून ओसंडून नेमकं हळदीत पडायला लागलं. प्लंबर पुन्हा आला, आणखी ३०० रुपये. आता पाणी टोकाच्या नळीतून गटारात जातं.

त्याच दिवशी दाट वाढलेल्या अळूतली एकाआड एक रोपं काढली. चालत्या डागांची पानं दुपारी, कोरडी असताना कापली. ओल्यात कापली तर हातानं आणि कोयत्यानं बीजं पसरतात. पिशवी वाफ्यातच नेऊन पान कापल्याबरोबर आत टाकायचं, उचलून इकडेतिकडे न्यायचं नाही.

२८ जुलै

उद्या नागपंचमी. पातोळ्यांसाठी हळदीची पानं मागायला सकाळपासून लोक आले. हळदीवर करड्या मध्याचे, पिवळ्या कडेचे लांबट डाग आहेत. हा कोलेटोट्रायकम, खरी बुरशी. स्वच्छ पानं निवडून दिली, पुरली.

या कुळातल्या बुरशीची शिरण्याची रीत मला फार विलक्षण वाटते. बीज पानावर चिकटतं, अंकुर काढतं आणि अंकुराच्या टोकाला एक काळा, गोल, घट्ट फुगा तयार होतो. आत ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठतात, पाणी आत खेचलं जातं, दाब वाढत जातो आणि तळातून एक सूक्ष्म खुंटी पानाची त्वचा फोडून आत जाते. भातावरच्या करप्याच्या बुरशीत हा दाब मोजला गेला आहे, ८ मेगापास्कलपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो त्याच्या सुमारे ४० पट. पनवेलकडच्या भातखाचरात पानांवर डोळ्याच्या आकाराचे डाग दिसतात ते याचेच. फुगा काळा राहिला नाही, म्हणजे त्यातलं मेलॅनिन तयारच होऊ दिलं नाही, तर दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच अडकते. ट्रायसायक्लाझोल हे भातावरचं औषध नेमकं हेच करतं. बुरशी एकदा आत गेली की त्याचा उपयोग नाही.

हळदीला उपाय म्हणून मातीवर सुक्या पानांचा जाड थर दिला. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखलासकट बीजं खालच्या पानांवर उडत होती, ती थांबली.

१० ऑगस्ट

मिरवेलीची खालची पानं काळी पडून गळायला लागली. ही पण फायटोफ्थोराचीच एक जात. मिरी एवढ्यात काढायची नाही, म्हणून इथे बोर्डो मिश्रण करायचं ठरलं. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगावर सिद्ध केलेला उपाय, अजून तसाच चालतो.

१० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना (दोन्ही मिळून १५० रुपये). दोन प्लास्टिकच्या बादल्या, प्रत्येकीत पाच लिटर पाणी. लोखंडी भांडं अजिबात नको. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवला, सकाळी निळंशार पाणी तयार. चुना भिजवून गाळला. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात, बारीक धारेनं, ढवळत ढवळत. उलटं ओतलं तर मिश्रण फुटतं.

घासून लख्ख केलेला खिळा बुडवून पाहिला. बाहेर काढला तर त्यावर तांबूस थर. म्हणजे मोरचूद मोकळा आहे, पानं जाळणार. चुना उघड्या पोत्यातला, हवा लागून निम्मा निकामी झालेला होता. गाळलेला चुना थोडा थोडा वाढवत गेलो, दर वेळी खिळा घासून बुडवला, तो स्वच्छ बाहेर आला तेव्हा थांबलो. त्याच दिवशी वेलीवर फवारलं आणि बुंध्याशी ओतलं. हे मिश्रण उद्यासाठी ठेवता येत नाही. अळूकडच्या बाजूला फवारताना मध्ये प्लास्टिक धरलं.

२० ऑगस्ट

१८ आणि १९ तारखेच्या पावसात पट्टीत घोट्यापर्यंत पाणी होतं. मिरचीची दोन रोपं गेली. पन्हळ टिकली, पण एवढ्या पावसात तिचा प्रश्नच नव्हता, दोन दिवस पानं क्षणभरही वाळली नाहीत. हिरवं अळू पुन्हा करपलं. काही पानं देठापाशी कुजून लोंबली. काळ्या देठाच्या अळूवरचे थांबलेले डाग मात्र बहुतेक थांबलेलेच राहिले. नवे पडले ते चालले. ओल फार झाली की झाडाची ताकदही अपुरी पडते, हे पुढच्या वर्षी कुणी जातीवरच विसंबणार असेल त्यानं लक्षात ठेवावं.

२८ ऑगस्ट

आज ऋषीपंचमी. भाजीसाठी मागितलं त्या सगळ्या घरांना अळू पोचलं, बहुतेक काळ्या देठाचं. गणपतीच्या घाईत मोजणी बंद होती.

९ ऑक्टोबर

पाऊस ओसरला, ऊन तापलं, आणि जाळीवर चढवलेल्या काकडीवर भुरी आली. खालच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे गोल ठिपके. सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबून उचलला आणि भाच्याच्या फोल्डस्कोपखाली, म्हणजे कागदाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, धरला. पिंपाच्या आकाराची बीजं एकावर एक रचलेल्या माळा स्पष्ट दिसल्या. पहिल्यांदा पाहणाऱ्यानं हा प्रयोग जरूर करावा.

भुरीचं सगळं उलटं. हिला पानावर पाणी नको असतं. हवेतला दमटपणा पुरतो, साचलेल्या पाण्यात तिची बीजं मरतात. ती पानाच्या वरच राहते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशीत शोषकं रुतवते. पेशीला मारत नाही, जिवंत ठेवून खाते. म्हणूनच पान बराच काळ हिरवं दिसतं आणि आपण दुर्लक्ष करतो.

१३ ऑक्टोबर

पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम (पाकीट ११० रुपये), सकाळी दहाला फवारलं. दुपारी कडक ऊन. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. काकडीवर्गीय वेलांना कडक उन्हात गंधक सोसत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये नवी मुंबईत ते वापरू नये. थंडी पडल्यावर संध्याकाळी चालेल.

१६ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर

जाळीच्या एका बाजूला एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून दोनदा, सकाळच्या कोवळ्या उन्हात. दुसऱ्या बाजूला साधं पाणी, पानं धुण्यापुरतं. ब्राझीलच्या बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये याच वर्गातल्या झुकिनीवर दूध वापरून भुरी आटोक्यात आणली होती, म्हणून हे प्रमाण घेतलं. दुधाला २१० रुपये लागले.

दुधाच्या बाजूला नवी पानं जवळजवळ स्वच्छ राहिली. जुन्या पानांवरची भुरी कमी झाली, गेली नाही. नुसत्या पाण्यानंही फरक पडला, पण दोन दिवसांत पांढरेपणा परत. दूध जास्त घट्ट केलं की पानावर काळसर थर आणि मुंग्या येतात. नऊला एक याच्या वर जायचं कारण नाही.

खालचं एक पान काकडीवर मुद्दाम ठेवलं आहे, त्यावर काकडीच्या करप्याचे (हा अळूच्या करप्याहून वेगळा, हळदीवरच्या कोलेटोट्रायकमच्या जातकुळीतला) कोरडे, थांबलेले ठिपके आहेत. कुच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काकडीवरच दाखवलं होतं की खालच्या पानाला करप्याची बाधा झाली की पुढे येणारी वरची पानं त्याच रोगाला जास्त दाद देत नाहीत. झाड आतून निरोप पाठवतं, सॅलिसिलिक आम्ल त्यात कळीचं असतं, आणि वरची पानं आधीच बुरशी तोडणारी प्रथिनं तयार ठेवतात. आमच्या एका वेलावरून काही सिद्ध होत नाही. पण ठिपके दिसताच खालची सगळी पानं ओरबाडून काढायची जुनी सवय मी तरी सोडली आहे.

१६ नोव्हेंबर

खर्च एकूण २,५६० रुपये, खात्यात २,४४० शिल्लक. सगळ्यात कामाला आला तो पन्हळीचा आणि मार्करचा. कार्बेन्डाझिम आणि गंधक यांचे २९० फुकट गेले.

अळकुड्या काढल्या. हा रोग लावणीच्या अळकुड्यांतूनही पुढच्या हंगामात येतो, म्हणून हिरव्या देठाच्या एकही ठेवल्या नाहीत, भाजीला वाटून टाकल्या. काळ्या देठाच्या ज्या रोपांवर लाल दोऱ्याच्या पानांत थांबलेले डाग जास्त होते, फक्त त्यांच्या अळकुड्या वेगळ्या काढून कोरड्या वाळूत, मीटरच्या खोलीत ठेवल्या आहेत. केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची मुक्ताकेशी ही करप्याला सहनशील जात आहे. तिचं बियाणं मिळालं तर दुसऱ्या टोकाला ती लावायची आणि तिच्यावरही रेघा मारायच्या.

मे महिन्यात करायची कामं माळीदादांना लिहून दिली आहेत: पन्हळीतला पाला काढणं, कंपोस्टची कढई वाफ्यापासून लांब नेणं, अळू दीड हात अंतरावर लावणं, चुना बंद डब्यात आणून ठेवणं. लाल दोरा आणि मार्कर माझ्याकडे आहेत.